बन्नीमंटपाची फौज पटावर

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबू सवारी साधारण पाच किलोमीटर चालून बन्नीमंटपाला पोचते, ती शमीच्या झाडासाठी. त्याच दिवशी कोल्हापुरात छत्रपती दसरा चौकात शमीपूजनाला येतात आणि लोक सोनं लुटतात. दोन जुन्या संस्थानांचं सीमोल्लंघन, एकाच मुहूर्तावर. शिपायांच्या मूर्ती वापरून संग्राह्य बुद्धिबळाचा संच करायचा, तर समोरासमोर उभी करायला याहून चांगली जोडी मला दिसत नाही. शिवाय बुद्धिबळाचं वेड म्हैसूरच्या गादीला नवं नाही. मुम्मडि कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) घोड्याच्या चालीनं सगळी चौसष्ट घरं एकेकदा फिरून यायची कोडी रचत.

आधी साल ठरवावं. ‘जुन्या काळचे सैनिक’ एवढ्यावर काम सुरू केलं की दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा संस्थानी काळातल्या दिवाणाशेजारी येऊन बसतो. इथे १९१२ मोहात पाडतं, कारण म्हैसूरचा नवा राजवाडा त्याच वर्षी पुरा झाला. पण वजीर म्हणून विश्वेश्वरय्या हवे असतील, तर ते दिवाण झाले नोव्हेंबर १९१२ मध्ये, दसरा उलटून गेल्यावर. तेव्हा साल १९१३. म्हैसूरचा राजा नाल्वडि कृष्णराज वडेयर, वजीर विश्वेश्वरय्या. कोल्हापूरचा राजा शाहू महाराज, वजीर दिवाण रघुनाथराव सबनीस. चेहऱ्यांसाठी त्या काळचे फोटो मिळतात, हाही फायदा.

मग मापं, आणि खरी कसरत इथेच आहे. शिशाचे खेळण्यातले सैनिक विलायतेत रुळले ते ५४ मिलिमीटर उंचीत. म्हणजे माणूस सुमारे एक बत्तिसांश. प्यादं या मापात छान बसतं. पण याच हिशोबानं तीन मीटर उंचीचा हत्ती नऊ सेंटिमीटरच्या वर जातो आणि लांबीला त्याहून पुष्कळ भरतो. पटाचं घर सहा सेंटिमीटरचं धरलं, तर हत्ती शेजारच्या घोड्याला ढकलून देईल. म्हणून हत्ती जवळजवळ निम्म्या मापात करायचा आणि प्रमाण चुकलं म्हणून खंत करायची नाही. पटावर हत्ती ओळखू येणं महत्त्वाचं, त्याची उंची नव्हे. घोडाही लांबीला अडतो. तो मागच्या पायांवर उभा केला की जागा वाचते. म्हैसूर लान्सर्सचा स्वार इथे शोभतो. याच पथकानं १९१८ साली हैफाच्या लढाईत भाग घेतला आणि दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती त्यांची आहे. स्वाराचा भाला मात्र ओतू नये, मोडतो. पितळी तारेचा बसवावा.

उंट सगळ्यांत नाठाळ. चार काटकुळे पाय, वर सगळं वजन. साच्यातून काढतानाच पाय वाकतात. सरळ बसलेला उंट करावा. आकार वेगळा दिसतो आणि घोड्याशी गल्लत होत नाही.

म्हैसूरच्या राजाला जंबू सवारीच्या हत्तीवरच्या सोन्याच्या अंबारीत बसवायचा मोह प्रत्येकाला होतो. आज त्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती असते, तेव्हा महाराज बसत, त्यामुळे इतिहासाची हरकत नाही. हरकत पटाची आहे. अंबारीतला राजा हत्तीच दिसतो आणि घाईच्या डावात कुणीतरी राजाला सरळ रेषेत चार घरं पळवतो. म्हणून राजा पायउतार, उंच चौथऱ्यावर, डोक्यावर छत्री; एकूण उंची साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. कोपऱ्यातल्या दोन हत्तींवर एकीकडे निशाण, दुसरीकडे नौबत द्यावी. म्हैसूरच्या मिरवणुकीत असे दोन्ही हत्ती असतात.

शोभेआधी मोहरं ओळखू यावं, हा धडा जुना आहे. मुर्शिदाबादकडच्या कारागिरांनी कंपनीची फौज आणि देशी फौज असे हस्तिदंती संच साहेबांसाठी कोरले. देखणे, पण खेळण्यापेक्षा कपाटात शोभणारे. १८४९ मध्ये विलायतेत स्टाँटन नमुना आला तो नेमका अशाच संचांच्या त्रासातून: रुंद बूड, ठळक माथा, गोंधळ नाही.

हस्तिदंत आता कायद्यानं बंद आहे. शिसंही नको, पोरांच्या हाती जातं. विलायतेतल्या विल्यम ब्रिटन या खेळणीवाल्यानं १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक काढले: वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, बाहेरचा थर थिजला की आतलं परत ओतून घ्यायचं. माल वाचला, किंमत उतरली. आपल्याला उलट वजन हवं, तेव्हा भरीव ओतावं. मूळ मूर्ती मेणाची किंवा पुट्टीची, तिच्यावर सिलिकॉन रबराचा साचा, आणि आत कथलाचा बिनशिशाचा मिश्रधातू. कथील २३२ अंशांना वितळतं, ते रबर सोसतं. मूळ मूर्ती बत्तीस लागत नाहीत. सहा प्रकार, दोन बाजू, म्हणजे बारा. हत्ती दोन तऱ्हेचे धरले तर चौदा.

बाजू ओळखायचा भार कपड्यांच्या रंगावर टाकू नये. दिव्याखाली जांभळा आणि काळा सारखेच. चन्नपट्टणच्या कारागिरांकडून लाखेच्या लाकडी बैठका करून घ्याव्यात: एका फौजेला तांबड्या, दुसरीला काळ्या. बैठक घराच्या तीन चतुर्थांश रुंदीची, आत धातूची चकती, खाली बनात.

पेटीत जागा मात्र चौतीस ठेवाव्या. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की दुसरा वजीर लागतो, आणि उलटी ठेवलेली मूर्ती या संचात फार वाईट दिसेल. कोल्हापूरला जादा वजीर पुन्हा सबनीसच. म्हैसूरसाठी मी सालाची अट एकदाच मोडेन आणि १९१२ च्या दसऱ्याचे दिवाण टी. आनंदराव उभे करीन: तंजावरच्या मराठी घराण्यातले, सर टी. माधवरावांचे चिरंजीव. पगडी वेगळी चालेल, बैठक आणि उंची विश्वेश्वरय्यांइतकीच.