खिडकी लावून घेण्यापूर्वी

पावसाची झड लागली, की अनेक घरांत एक दृश्य हमखास दिसते. नातू शाळेतून सर्दी घेऊन येतो. आजोबांना वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट लावल्या जातात, त्यांचे कान मफलरने बांधले जातात आणि त्याच बंद खोलीत नातू आजोबांशेजारी बसून संध्याकाळभर खोकत राहतो. चार दिवसांनी आजोबा अंथरूण धरतात आणि आपण म्हणतो, ‘थंडी बाधली.’ या बोलण्यात माया असते. परंतु दोष भलत्याच्याच माथी मारला जातो.

थंडीची परीक्षा

इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे १९४६ मध्ये केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झाले. तेथील संशोधकांनी काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओलेत्यानेच वाऱ्यात उभे केले. ज्यांना विषाणू न देता केवळ असे गारठवले होते, त्यांना सर्दी झाली नाही. गारठ्याने अंग आखडते, नाक वाहते, दम्याच्या रुग्णास त्रासही होतो. पण विषाणू गारठ्यातून जन्मत नाही. तो दुसऱ्या माणसाकडून येतो.

पण कसा येतो? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात इलियट डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक मजेदार प्रयोग केला; तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी झालेल्या आणि निरोगी माणसांना एका खोलीत बारा तास पत्ते खेळायला बसवले. निम्म्या निरोगी खेळाडूंना अशी बंधने घातली होती, की त्यांचा हात स्वतःच्या नाकाडोळ्यांपर्यंत पोहोचूच नये. तरीही त्या अठरांपैकी दहा जणांना संसर्ग झाला. हात मोकळे असलेल्या अठरांपैकी बारा जणांना झाला. पुढे रुग्णांनी हाताळलेले पत्ते दुसऱ्या खोलीतील बारा निरोगी माणसांना दिले. ते खेळता खेळता नाकाडोळ्यांना हात लावत राहिले; त्यांपैकी कोणालाही सर्दी झाली नाही. या सर्दीच्या विषाणूची मुख्य वाट हवेतून होती.

याचा अर्थ हात धुणे व्यर्थ, असा मुळीच नाही. लहान मुलांमध्ये आढळणारा आरएसव्ही हा विषाणू हातांवाटेही पसरतो आणि ज्येष्ठांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. म्हणून हात धुवावेतच; पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

बंद खोलीतील हवेची किंमत २०२० मध्ये फार दारुण रीतीने कळली. १० मार्च रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात एका गायनवृंदाचा सुमारे अडीच तासांचा सराव झाला. हजर असलेल्या ६१ जणांत बहुसंख्य ज्येष्ठ होते आणि एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. त्यानंतर निश्चित व संभाव्य मिळून ५३ जणांना कोविड झाल्याचे आढळले, दोघे दगावले.

वृद्धापकाळातील पहारेकरी

एकच विषाणू नातवाला दोन दिवस शिंका देतो आणि आजोबांना रुग्णालयात नेतो, याचे कारण शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. नव्या शत्रूला ओळखू शकणाऱ्या टी-पेशी तिच्यात घडतात. ही ग्रंथी वयाबरोबर आकसत जाते. जुन्या शत्रूंची स्मृती बऱ्याच अंशी टिकते. नव्यांसाठी मात्र पहारेकरी कमी पडतात. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणूनच त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. ज्येष्ठांमध्ये लसीचा प्रतिसाद थोडा मंद असला, तरी गंभीर आजाराचा धोका ती कमी करते. न्यूमोकोकस जंतूविरुद्धच्या लसीविषयीही आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

काळजीवाहकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ताप हे शरीराच्या प्रतिकाराचे एक लक्षण आहे. वृद्धांमध्ये हा प्रतिकारच मंद असल्याने गंभीर संसर्गातही अनेकदा ताप फारसा चढत नाही. ‘ताप नाही, म्हणजे काळजी नाही’ हा समज घातक ठरतो. जेवणावरची वासना उडणे, एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे, दिवसभर गुंगीत राहणे, तोल जाऊन पडणे, हीच कित्येकदा पहिली खूण असते. असे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बसल्याजागी धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस नीट जागा राहत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावे. फ्लूवरील विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, हे लक्षात घेऊन वाट पाहण्यात दिवस दवडू नयेत. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

घरात काय करावे?

• महाराष्ट्रात फ्लूची लाट प्रामुख्याने पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस येते. नेमक्या याच दिवसांत आपण खिडक्या लावून घेतो. पाऊस आत येणार नाही अशा बेताने समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात.

• स्वयंपाकघरातील धूर बाहेर फेकणारा पंखा आजारपणात अधिक वेळ चालू ठेवावा. घरगुती वातानुकूलन यंत्र बहुधा आतलीच हवा फिरवत राहते, हे विसरू नये.

• घरात कोणी खोकत असेल, तर शक्य तोवर त्याची निजण्याची खोली वेगळी असावी. ज्येष्ठांनी त्याच्याजवळ बसताना चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. शुश्रूषा करणाऱ्याला सर्दी असेल, तर मास्क त्यानेही लावावा.

• नातवाला आजोबांपासून तोडू नये. सर्दीचे चार-पाच दिवस गोष्टी व्हरांड्यात किंवा गॅलरीत सांगाव्यात. कुशीत घेणे तेवढे पुढे ढकलावे.

मफलर आणि शाल यांच्याशी विज्ञानाचे भांडण नाही. आजोबांना ऊब हवीच. ती खुशाल द्यावी. तिच्या जोडीला उघड्या खिडकीतून येणारी स्वच्छ हवाही त्यांना मिळू द्यावी.