दुखावलेले मन, सरकारी दार (लेखांक ५) : प्रशिक्षणाचा माग

लखनौत ‘ट्रॉमा’ म्हटले की रिक्षावाला किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरची वाट धरतो. तिथला ट्रॉमा म्हणजे अपघात, मोडलेले हाड, डोक्याला लागलेला मार. मनावरच्या आघातालाही हाच शब्द आहे आणि दोन्ही अर्थांची माणसे बरेचदा एकाच दारातून आत येतात. नवऱ्याने ढकलल्यामुळे मनगट मोडलेल्या बाईच्या केसपेपरवर ‘पडून इजा’ एवढेच लिहिले जाते. हाताला प्लास्टर बसते आणि दुसऱ्या अर्थाचा ट्रॉमा आला तसा घरी परततो.

हा दुसरा ट्रॉमा ध्यानात घेऊन काम करणे म्हणजे समोर येईल त्याच्यावर मानसोपचार करणे नव्हे. अमेरिकेतील ‘सॅम्सा’ या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये या कामाची चार अंगे सांगितली : आघात किती सर्रास असतो हे जाणणे, त्याच्या खुणा ओळखणे, त्यानुसार कामाची रीत बदलणे आणि आपल्या हातून तोच आघात पुन्हा होऊ न देणे. सरकारी कचेरीला सर्वांत जड जाते ते चौथे अंग. एकच हकिकत आधी शिपायाला, मग केसपेपर काढणाऱ्याला, मग डॉक्टरला, मग समुपदेशकाला सांगावी लागते. यांतला प्रत्येक जण आपले काम नियमानुसारच करत असतो. जाच होतो तो चौघांचा मिळून.

म्हणूनच प्रशिक्षण कोणाला द्यायचे, हा पहिला प्रश्न ठरतो. हिंसेला तोंड दिलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना सुरू केली. लखनौचे असे केंद्र लोकबंधू रुग्णालयाच्या आवारात आहे. देशभरच्या या केंद्रांमधील सहा हजार कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी महिला व बालविकास मंत्रालय आणि बंगळूरुची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था यांनी २ मार्च २०२२ रोजी ‘स्त्री मनोरक्षा’ हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या प्राथमिक वर्गात समुपदेशक आणि केस वर्कर यांच्याबरोबर सुरक्षारक्षक, स्वयंपाकी आणि मदतनीसही धरलेले आहेत. हे शहाणपणाचे आहे. रात्री अकराला केंद्राच्या फाटकावर पोचलेल्या बाईशी पहिला बोलतो तो रक्षक, समुपदेशक नव्हे. आणि ‘काय झालं? कोणी मारलं?’ हे त्याने तिथेच, चारचौघांत विचारले, तर आतल्या खोलीतले पुढचे सगळे काम अवघड होऊन बसते.

लखनौतच २०१२ मध्ये सुरू झालेली १०९० ही महिलांसाठीची पोलीस दूरध्वनी सेवा याच विचाराच्या जवळ जाते, जरी तिच्या उभारणीच्या वेळी ‘आघात’ हा शब्द कोणाच्या तोंडी असण्याचे कारण नव्हते. फोन महिला पोलीसच घेते, तक्रारदाराचे नाव गुप्त राहते, तिला ठाण्यात बोलावले जात नाही. हे तिन्ही नियम रीत बदलण्याचे आहेत. प्रशिक्षणाला जे साधायचे असते त्यातले बरेचसे चांगल्या नियमाने आधीच साधते. उरते ते आवाजात आणि शब्दांत.

आता माग ठेवण्याचा प्रश्न. सरकारी अहवालात प्रशिक्षणाचा आकडा बहुधा हजेरीपत्रकातून येतो : इतकी सत्रे, इतके प्रशिक्षणार्थी. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला वर्ग कसा वाटला, तो काय शिकला, परत गेल्यावर कामात काय बदलले, आणि त्या बदलाचा परिणाम काय झाला. निव्वळ हजेरी यांतल्या पहिल्या पायरीच्याही अलीकडची. उपस्थिती शंभर टक्के आणि कामकाज पूर्वीसारखेच, असे सहज घडू शकते.

तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेला एक नमुना महाराष्ट्रातला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबईची ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिरज आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिकांना हिंसापीडित स्त्रियांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण दिले. स्त्रीरोग, मेडिसिन आणि कॅज्युअल्टी हे विभाग निवडले, कारण अशा बायका बहुधा या ठिकाणी येतात. शिकवणीचा गाभा पाच कृतींचा : ऐकून घेणे, काय हवे ते विचारणे, तिच्यावर विश्वास असल्याचे जाणवू देणे, सुरक्षिततेचा विचार करणे आणि पुढची मदत जोडून देणे. सुमारे दोनशे जणांची मोजणी प्रशिक्षणाआधी, प्रशिक्षण संपताच आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा केली. तिसरी मोजणी सर्वांत महत्त्वाची. वर्गातून बाहेर पडताना सगळ्यांनाच उत्तरे येतात. सहा महिन्यांनी रात्रपाळीत, ओपीडीच्या गर्दीनंतर, कोण विचारते ते पाहावे लागते. केवळ वर्ग घेऊन हा प्रयोग थांबला नाही. बोलण्यासाठी आडोसा आणि रुग्णालयातील कार्यपद्धती यांकडेही त्यात लक्ष दिले गेले. आडोसाच नसेल तर ऐकून घेण्याचे कौशल्य काय कामाचे?

माग ठेवताना एक धोका असतो, त्याकडे फारसे कोणी बघत नाही. ‘तुमच्याशी कर्मचारी कसे वागले?’ हे विचारायला सर्वेक्षक त्याच बाईकडे गेला, तर तिला आणखी एकदा सगळे सांगावे लागते. जे थांबवायचे तेच मोजणी करते. त्यापेक्षा नोंदवहीकडे पाहणे बरे. केसपेपरवर इजेचे कारण तिच्या शब्दांत लिहिले आहे का, तपासणीपूर्वी संमती घेतली आहे का, तिला कुठे पाठवले आणि ती तिथे पोचली का, एवढ्या बाबींवरून वागणुकीचा बराचसा अंदाज येतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लैंगिक हिंसेच्या तपासणीसाठी ठरावीक नमुना दिलेला आहे, त्यात संमतीची नोंद आहे आणि ‘टू फिंगर’ चाचणीला (दोन बोटांनी योनी तपासण्याला) मनाई आहे. तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या चाचणीबद्दल पुन्हा बजावावे लागले. वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या, असेही त्या निकालात होते. आठ वर्षे जुन्या सूचना कागदावर होत्याच. भरलेले नमुने कोणी नियमित चाळले असते, तर सूचना कुठवर पोचल्या हे न्यायालयाआधीच कळले असते.

हिशेब बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बदली. वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न आणि निवासी डॉक्टर ठरल्या मुदतीत निघून जातात, पोलिसांच्या बदल्या होतात, कंत्राटी समुपदेशक सोडून जातात. त्यामुळे प्रशिक्षित माणसांची बेरीज वाढत असतानाच एखाद्या पाळीत प्रशिक्षित असे कोणीच नसते. मोजायचे तर व्यक्तीऐवजी जागा मोजावी : या कॅज्युअल्टीत आज, या पाळीला, शिकलेले कोणी आहे का? आघाताविषयीच्या प्रशिक्षणासाठी स्कॉटलंडने २०१७ मध्ये केलेल्या आराखड्यात चार पातळ्या कामाच्या स्वरूपानुसार आहेत. सर्वांना थोडी जाण, थेट संपर्कात येणाऱ्यांना अधिक आणि उपचार करणाऱ्यांना सर्वांत खोल, अशी ती वाटणी आहे. कोणत्या जागेला किती लागते हे आधी ठरल्याने रिकामी जागा चटकन दिसते.

बदल्यांवरचा एक उपाय मुंबईत सापडला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ आणि महापालिकेने हिंसापीडित स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभारले, तेव्हा रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांमधून प्रशिक्षकांचा एक गट तयार केला. नव्याने आलेल्यांना शिकवायला बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागू नये, हा हेतू. २००६ मध्ये केंद्र महापालिकेच्या हाती सोपवले गेले, त्याच सुमारास दुसरे केंद्र कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाले आणि पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही हीच रचना गेली.