नायगांव-परळ : नवागतानें पाहावयाचीं स्थळें

मुंबई प्रथमच पाहावयास येणारा गृहस्थ बहुधा कोटांतील इमारती व घारापुरीचीं लेणीं पाहून परत जातो. नायगांवांत कांहीं प्राचीन पाहावयाचें आहे, हें त्यास कोणी सांगत नाहीं. वस्तुतः मुंबईच्या मूळ सात बेटांपैकीं परळ हें एक असून नायगांव, वडाळा व शिवडी हीं गांवें त्याच बेटावरचीं होत. नायगांवाहून निघून अर्ध्या दिवसांत पाहून होतील अशीं स्थळें आम्ही येथें क्रमानें देत आहों.

आरंभ नायगांवाच्या नांवापासूनच करूं. बिंब राजा येथें न्यायदानास बसे, म्हणून हें 'न्यायगांव', अशी परंपरा सांगतात. बिंबाची कथा जींत येते ती महिकावतीची बखर राजवाडे यांनीं 1924 सालीं प्रसिद्ध केली. परंतु नायगांव नांवाचीं गांवें वसईजवळ, सातारा जिल्ह्यांत व नांदेडकडेही आहेत. त्या सर्वांत राजा न्यायास बसला नसावा. तेव्हां परंपरा नोंदून ठेवावी, पुरावा म्हणून वापरूं नये, असें आम्हांस वाटतें.

नायगांवाहून दक्षिणेस परळच्या बारादेवीस यावें. 1931 सालीं रस्त्याचें काम चालू असतां येथें एक प्रचंड शिवशिल्प सांपडलें. त्याची उंची 11 फुटांहून अधिक असून काळ इसवी सनाचें पांचवें-सहावें शतक मानितात. म्हणजे तें घारापुरीच्या लेण्यांशीं जवळजवळ समकालीन ठरतें. एकाच शिळेंत शिवाच्या सात मूर्ति आहेत. मधल्या तीन एकीवर एक अशा उगवत जातात, बाजूंच्या चार त्यांतूनच फुटल्याप्रमाणें दिसतात, आणि सर्वांत वरचीस दहा हात आहेत. पायथ्याशीं वाद्यें घेतलेले गण आहेत. पाहणाऱ्यानें दृष्टि खालून वर न्यावी, म्हणजे शिल्पकाराचा हेतु ध्यानांत येईल. या शिल्पाची प्रतिकृति मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. मूळ शिल्प मात्र पूजेंत असल्यामुळें आपल्या जागींच राहिलें. दर्शनास जातांना मंदिराची मर्यादा पाळावी.

जवळच हाफकिन संस्थेची वास्तु आहे. मूळचा हा जेझुइटांचा मठ. पुढें इंग्रजांनीं तो घेतला, व 1771 पासून गव्हर्नर हॉर्नबी तेथें राहूं लागला. 1896 मध्यें मुंबईंत प्लेग आला, आणि 1899 सालीं हाफकिन यांची प्लेगवरील लशीची प्रयोगशाळा या वाड्यांत आली. 1925 पासून संस्थेस त्यांचें नांव आहे. संस्था चालू असल्यानें परवानगी घेऊनच आंत जावें.

याच परळांत शिलाहार राजा अपरादित्य याचा इ. स. 1187 चा शिलालेख सांपडला. त्याच्या अखेरच्या ओळी मराठींत असून दान मोडणाऱ्यास गाढवाची शिवी दिलेली आहे. मराठी भाषेच्या जुन्या लेखांत याची गणना होते. लेखांत वैद्यनाथ देवाचें नांव आहे. तथापि परळ हें नांव परळी-वैजनाथावरून पडलें ही समजूत तेवढ्यानें सिद्ध होत नाहीं. हा लेख आतां परळांत पाहावयास मिळत नाहीं.

शेवटीं पूर्वेस शिवडीच्या किल्ल्यावर जावें. इंग्रजांनीं तो 1680 मध्यें खाडीवर नजर ठेवण्यासाठीं बांधला. 1689 सालीं जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याच वाटेनें उतरला व त्यानें माझगांव आणि माहीमही घेतलें. पुढल्या वर्षीं औरंगजेबास दीड लक्ष रुपये देऊन इंग्रजांनीं आपली सुटका करून घेतली. हिवाळ्यांत समोरच्या चिखलांत रोहित पक्षी दिसतात.

परत नायगांवास आल्यावर बी. डी. डी. चाळींकडे अवश्य वळावें. 1920 नंतरच्या दशकांत सरकारनें मुंबईंत बांधलेल्या अशा 207 चाळींपैकीं 42 येथें होत्या. गिरणी कामगार, पोलीस व दलित कुटुंबें यांचा संसार येथें 160 चौरस फुटांच्या खोलींत झाला. आतां पुनर्विकासासाठीं या चाळी पाडल्या जात आहेत. रहिवाशांस मोठें घर मिळावें याविषयीं दुमत नाहीं. परंतु शिल्प पूजेंत होतें म्हणून जागेवर राहिलें, वाडा उपयोगांत होता म्हणून टिकला, शिलालेख हलविला तरी वाचला गेला म्हणून त्याची माहिती उरली. चाळीस यांपैकीं कोणतें भाग्य लाभणार? तिचे नकाशे, मोजमापें व वृद्ध रहिवाशांच्या आठवणी नोंदविण्याचें काम आजच झालें पाहिजे. परळ बेटाच्या इतिहासाचें हें शेवटचें पान आहे, आणि तें वाचण्यापूर्वींच फाटत आहे.