वांशिक भेदभावाच्या अभ्यासातील प्रायोगिक पद्धती

प्रस्तावना : वंश व वांशिकता यांविषयीचे समाजशास्त्रीय संशोधन दीर्घकाळ जनगणना, प्रश्नावली व मुलाखत या साधनांवर आधारलेले आहे. ही साधने विषमता दाखवितात. परंतु तिचे मूळ भेदभावात आहे की शिक्षण व अनुभवातील तफावतीत, हे त्यांवरून निश्चित करणे कठीण असते. शिवाय आपण भेदभाव करतो, असे मुलाखतीत सहसा कोणी मान्य करीत नाही. ही उणीव प्रायोगिक पद्धती कशी भरून काढते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मिल्वॉकीचा प्रयोग : अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी २००१ मध्ये मिल्वॉकी शहरात गोऱ्या तरुणांची एक व कृष्णवर्णीय तरुणांची एक अशा दोन जोड्या समान पात्रता देऊन एकूण ३५० नियोक्त्यांकडे नोकरीसाठी पाठविल्या. प्रत्येक जोडीतील एकजण अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्याचे सांगे. ही भूमिका आलटून पालटून दिली जाई. शिक्षा न झालेल्या गोऱ्या उमेदवारास ३४ टक्के, तर शिक्षा झालेल्या गोऱ्यास १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण अनुक्रमे १४ व ५ टक्के होते. म्हणजे निष्कलंक कृष्णवर्णीयाची स्थिती शिक्षा झालेल्या गोऱ्याहून बरी नव्हती.

उक्ती आणि कृती : पुढे याच नियोक्त्यांना दूरध्वनीवरून अशा गुन्हेगारास नोकरी द्याल काय, असे विचारले गेले. ६० टक्क्यांहून अधिकांनी अनुकूल उत्तर दिले आणि उमेदवाराच्या वर्णाने त्या उत्तरात फरक पडला नाही. पेजर व लिंकन क्विलियन यांनी २००५ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष केवळ प्रश्नावलीवर विसंबणाऱ्या संशोधकास सावध करणारा आहे.

भारतीय संदर्भ : जात म्हणजे वंश नव्हे, तथापि ही पद्धती येथेही उपयुक्त ठरली आहे. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी खाजगी क्षेत्रातील जाहिरातींना समान पात्रतेचे, केवळ नावे भिन्न असलेले अर्ज पाठविले. दलित व मुस्लिम नावांच्या अर्जदारांना उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत कमी प्रतिसाद मिळाल्याचे त्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले.

मर्यादा : व्यक्तीचा वंश संशोधकास बदलता येत नाही, तो केवळ त्याची खूण बदलतो. नावासारखी खूण वंशाबरोबर वर्गही सूचित करू शकते. नियोक्त्याच्या संमतीविना प्रयोग करणे हा नैतिक प्रश्नही उरतो.

समारोप : प्रयोग भेदभावाचा एक क्षण सिद्ध करतो, त्यामागील इतिहास व संस्थात्मक रचना उलगडण्यासाठी अन्य पद्धतींची जोड अपरिहार्य आहे.