पॅरिसच्या टेकडीवरचे पँथिऑन

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीराकडील टेकडीवर उभे असलेले पँथिऑन ही अठराव्या शतकातील युरोपीय वास्तुकलेची सर्वांत बोलकी इमारत म्हणावी लागेल. रूढीने चालत आलेल्या प्रत्येक गोष्टीला विवेकाच्या कसोटीवर घासून पाहायचे, हा ज्ञानोदयाचा आग्रह होता. त्याच काळात कलावंत आणि वास्तुकार ग्रीक-रोमन अवशेषांकडे नव्याने वळले होते. हे दोन्ही प्रवाह या इमारतीत एकत्र आले आणि त्यांच्यातला ताणही इथेच उघडा पडला.

प्राचीनतेची ही ओढ नुसत्या स्वप्नरंजनातून आलेली नव्हती. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट हे दोन इंग्रज १७५१ मध्ये अथेन्सला पोहोचले आणि तिथल्या वास्तूंची त्यांनी बारकाईने मोजमापे घेतली. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये निघाला. योहान विंकलमान या जर्मन पंडिताने १७६४ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन कलेचा इतिहास तिच्या उदय, उत्कर्ष आणि ऱ्हासाच्या क्रमाने मांडला. मोजपट्टी आणि इतिहास या दोन साधनांनी प्राचीन कला अभ्यासाचा विषय झाली.

पँथिऑनचा वास्तुकार जाक-जर्मेन सुफ्लो हाही याच मुशीतला. तरुणपणी तो रोममध्ये शिकला. पुढे पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिचा भाऊ, भावी मार्की द मारिन्यी, याच्यासोबत तो पुन्हा इटलीला गेला. १७५० मध्ये त्याने नेपल्सच्या दक्षिणेला असलेल्या पेस्टमची ग्रीक मंदिरे मोजली. तिथले बुटके, जाडजूड, तळखडा नसलेले डोरिक स्तंभ तोवर फारच थोड्या वास्तुकारांनी पाहिले होते. मात्र सुफ्लोचे मन एकाच काळात अडकले नव्हते. १७४१ मध्येच ल्योंच्या अकादमीत त्याने गॉथिक चर्चच्या रचनेवर निबंध वाचला होता. गॉथिक म्हणजे रानटी, असे सुशिक्षितांचे सर्वसाधारण मत असताना त्याने त्या शैलीच्या हलकेपणाचे मोल ओळखले, हे विशेष.

या मंडळींना तात्त्विक बळ दिले मार्क-आंत्वान लोजिए या जेझुइट धर्मगुरूने. १७५३ च्या त्याच्या निबंधानुसार सगळी वास्तुकला आदिमानवाच्या झोपडीतून निघाली. उभे खांब, त्यांवरच्या आडव्या तुळया आणि वरचे उतरते छप्पर एवढेच अत्यावश्यक. भिंतीला चिकटवलेले अर्धस्तंभ आणि भार न पेलणारी सजावट त्याला दोषास्पद वाटे. समाजाच्या मूळ अवस्थेचा शोध जसा रूसो घेत होता, तसाच हा वास्तुकलेच्या मुळाचा शोध होता.

पंधराव्या लुईने १७४४ मध्ये मेत्झ येथे जिवावरच्या आजारात नवस केला होता, की आपण बरे झालो तर पॅरिसची रक्षणकर्ती संत जनव्हिएव्ह हिचे जीर्ण चर्च नव्याने बांधू. १७५५ मध्ये, तेव्हा राजाच्या बांधकामांचा प्रमुख असलेल्या मारिन्यीने हे काम, म्हणजेच आजचे पँथिऑन, सुफ्लोकडे सोपवले. ६ सप्टेंबर १७६४ रोजी राजाच्या हस्ते कोनशिला बसली, तेव्हा दर्शनी मंडप लोकांना कळावा म्हणून त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती कापडावर रंगवून उभारली होती.

चारही बाजूंना भुजा असलेल्या क्रूसाच्या आराखड्यात सुफ्लोने पुढे रोमच्या पँथिऑनसारखा कॉरिंथियन स्तंभांचा मंडप आणि आत मोकळ्या स्तंभांच्या रांगा योजल्या. मध्यावर एकात एक अशा तीन कवचांचा, सुमारे ८३ मीटर उंचीचा घुमट. ग्रीक भव्यता आणि गॉथिक हलकेपणा यांचा मेळ त्याला साधायचा होता. बाहेरून शुद्ध अभिजात दिसणाऱ्या भिंतींच्या आड गॉथिक पद्धतीचे तिरपे कमानी टेके दडवलेले आहेत. मंडपाच्या आडव्या दगडी पट्टीत लोखंडी कांबींचे जाळे आहे, कारण इतके रुंद गाळे नुसत्या दगडाने पेलले नसते. लोजिएच्या तत्त्वाशी ही तडजोडच. पण तिच्यामुळेच इमारत नक्कल न राहता निर्मिती ठरते.

खरी परीक्षा घुमटाची झाली. १७७० मध्ये वास्तुकार पिएर पात याने, घुमटाखालचे चार खांबगट त्याचा भार पेलण्यास फार सडपातळ आहेत, असा जाहीर आक्षेप घेतला. पूर्वी असा वाद जुन्या ग्रंथांतल्या प्रमाणांवर निकाली निघाला असता. इथे मात्र तो प्रयोगशाळेत गेला. पूल बांधण्यात निष्णात असलेल्या पेरोनेने सुफ्लोची बाजू घेतली. गॉथिक इमारतींच्या हलक्या रचनेची तुलना त्याने प्राण्यांच्या सांगाड्याशी केली. अभियंता गोते याने दगड चिरडेपर्यंत दाबून त्याची ताकद मोजणारे यंत्र बनवले. सौंदर्याचा प्रश्न आकड्यांत मांडला गेला, हा ज्ञानोदयाचा सर्वांत ठोस ठसा. तरीही १७७०च्या दशकातच खांबगटांना तडे गेले. गणितापेक्षा गवंडीकामात खोट होती: दगडांचे सांध्याचे पृष्ठभाग मधोमध पोकळ तासल्याने सारा भार कडांवर येत होता. सुफ्लो १७८० मध्ये वारला. त्याचा सहकारी राँदले याने १७९० मध्ये बांधकाम पुरे केले आणि पुढच्या शतकाच्या सुरुवातीला खांबगट जाड केले. मूळचा हलकेपणा त्यात बराच हरवला, ही हानीच म्हटली पाहिजे.

एव्हाना अभिजात रूपांना नवा अर्थ आला होता. चित्रकार दावीदचे ‘होराशियांची शपथ’ हे चित्र १७८५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात झळकले. राजाच्या कारभाऱ्यांनीच सांगून काढवलेल्या त्या चित्रातला रोमन त्याग पुढे प्रजासत्ताकवाद्यांना आपला वाटला. फ्रेंच राज्यक्रांतीतला नेता मिराबो याच्या मृत्यूनंतर एप्रिल १७९१ मध्ये राष्ट्रीय सभेने नवे चर्च थोर पुरुषांचे समाधिस्थळ ठरवले. जुलैमध्ये व्होल्तेरचे अवशेष रोमन थाटाच्या मिरवणुकीने तिथे आले. १७९४ मध्ये रूसोचे आले. या बदलाचे काम पाहणाऱ्या कात्रमेर द कॅन्सीने खिडक्या बुजवल्या आणि सुफ्लोच्या प्रकाशमय दालनाला थडग्याचे गांभीर्य दिले.

त्यानंतर सत्ता पालटेल तशी वास्तू कधी चर्च, कधी स्मारक होत राहिली. १८८५ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या अंत्यविधीच्या वेळी ती कायमची राष्ट्रीय स्मारक ठरली.