फुकटची साखळी

न्यू जर्सीतल्या एडिसनला माझी मामेबहीण राहते. तिच्या कपाटाच्या खणात हातात घालायची एक बारीक साखळी आहे. दिसते चांदीची, आहे कसल्याशा पत्र्याची. तिला सहा लटकनं आहेत: कासव, नांगर, शहाळं, मासा, शिडाची होडी आणि एक ओळखू न येणारा पक्षी. कॅरिबियनच्या क्रूझवर ही साखळी तिला फुकट मिळाली. त्याच खणात मखमली डबीत निळ्या-जांभळ्या खड्यांचे टॉप्स आहेत. ते फुकट मिळाले नाहीत. कितीला पडले ते तिने मला अगदी हळू आवाजात सांगितलं, कारण मेहुणे पलीकडच्याच खोलीत होते.

"अगं, मी फक्त कासव आणायला आत गेले होते," ती म्हणाली.

या एका वाक्याने माझी झोप उडवली. कासव आणायला गेलेली बाई टॉप्स घेऊन बाहेर येते, आणि ती काही भोळीभाबडी नाही; भाजीवाल्याशी पाच सेंटसाठी हुज्जत घालणारी आहे. माझी समजूत अशी होती की दुकानदार गळ टाकतो आणि गिऱ्हाईक लागतं. पण इथे गळ पडतो तेव्हा दुकान क्षितिजावरही नसतं. गिऱ्हाईक भर समुद्रात आइस्क्रीम खात बसलेलं असतं.

फ्लोरिडातून जहाज निघालं की पहिल्या बंदराआधी एखाद-दोन दिवस नुसतं पाणी असतं. अशा दिवशी जहाजावरच्या नाट्यगृहात एक कार्यक्रम होतो. नाव असतं बंदराच्या ओळखीचं, म्हणून लोक जातात. मंचावर हसतमुख, चुणचुणीत निवेदक येतो. बंदराचा इतिहास पाच मिनिटांत उरकतो, मग हिऱ्यांचे चार गुण, मग घड्याळं, मग "फक्त याच बेटांवर" मिळणारे खडे. शेवटी सोडत असते. हजर असेल त्यालाच बक्षीस, त्यामुळे उठून जाता येत नाही. तोच कार्यक्रम खोलीतल्या टीव्हीवर दिवसभर फिरत राहतो. आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक नकाशा येतो.

या नकाशावर माझा फार जीव जडलाय. बहिणीने तो जपून ठेवला होता, घड्या पडलेला. त्यावर किल्ला एका कोपऱ्यात चिमुकला, पोस्ट ऑफिस नाहीच, आणि दागिन्यांची दुकानं मात्र ठळक आकड्यांनी, एकापुढे एक. आकडेवाली दुकानं म्हणजे "शिफारस केलेली". शिफारस कशावरून? तेही नकाशावरच लिहिलेलं असतं, मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: या दुकानांनी जाहिरातीचे पैसे भरले आहेत. मंचावरचा तो हसतमुख माणूसही बहुधा जहाजाचा नोकर नसतो, या प्रसिद्धीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचा असतो. नकाशावरच्या दुकानांना तीस किंवा साठ दिवसांची हमीही असते. मुंगीच्या पावलांत पुढे वाचलं तर कळतं, की माल सदोष निघाला तर हमी, घेतल्याचा पस्तावा झाला तर नाही. यात खोटं काहीच नाही. सगळं छापलेलं आहे, फक्त कोणत्या आकाराच्या अक्षरात काय छापायचं ते ठरवून.

आपल्याकडच्या सहलींना हा प्रकार नवा नाही. जयपूरला गेलेल्या कुणालाही विचारा, बस "अर्धा तास, फक्त बघायला" म्हणून कुठे थांबली होती ते. बाहेर "सरकारमान्य" अशी पाटी, आत चहा. पण बसचा ड्रायव्हर दोन दिवस आधीपासून तुमच्याकडून पाठ करून घेत नाही. जहाज घेतं.

जहाजाला यात काय मिळतं? पुष्कळ. क्रूझच्या धंद्यात तिकीट म्हणजे सगळा खेळ नव्हे. कार्निव्हल ही या धंद्यातली सर्वात मोठी कंपनी. तिचं 2023 सालचं उत्पन्न सुमारे 21.6 अब्ज डॉलर होतं. त्यातले साधारण साडेसात अब्ज, म्हणजे तिसरा हिस्सा, तिकिटाबाहेरचे: दारू, कसिनो, सहली, दुकानं आणि इतरांना दिलेल्या ठेक्यांतून येणारा वाटा. एक गंमत बघा. जहाजावरची स्वतःची दुकानं बंदरात लागल्यावर बंद ठेवावी लागतात, करांच्या नियमांमुळे. म्हणजे ज्या आठ तासांत जहाजाचा गल्ला बंद, नेमके तेच आठ तास किनाऱ्यावरचे गल्ले उघडे. एवढी मोठी पोकळी कुणी रिकामी सोडील का?

बहिणीचं कासव सेंट थॉमस बेटावरचं, शार्लट अमाली गावातलं. हे बेट डेन्मार्कचं होतं. 1917 साली अमेरिकेने ते शेजारच्या दोन बेटांसकट अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेतलं. अठराव्या शतकापासून हे खुलं बंदर. मुख्य रस्त्याला समुद्राच्या बाजूने डॅनिश व्यापाऱ्यांची लांबट गोदामं आहेत, जाड भिंतींची, पाण्यापर्यंत गेलेली. जिथे साखर आणि रम ठेवायचे तिथे आता काचेची कपाटं आणि डोळे दिपवणारे दिवे आहेत. कामिय पिसारो हा पुढे मोठा झालेला चित्रकार 1830 साली याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराच्या घरी जन्मला. बापाची इच्छा होती मुलाने पेढी सांभाळावी. मुलगा धक्क्यावर माल मोजायच्या ऐवजी चित्रं काढत बसायचा, आणि शेवटी एका चित्रकार मित्राबरोबर व्हेनेझुएलाला निघून गेला. त्या रस्त्यावर गिऱ्हाइकाला न भुलवता नाव काढलेला माझ्या माहितीतला हा एकच माणूस.

बहीण आत गेली, फुकट लटकनाचं कुपन दाखवलं. लटकन दारातच देत नाहीत, दुकानाच्या अगदी मागच्या काउंटरवर देतात. तिथपर्यंत दोन्ही बाजूंना कपाटं. कुणीतरी हातात थंडगार रम पंच ठेवला. खुर्ची सरकवली. काउंटरमागचा गृहस्थ सिंधी निघाला. सेंट थॉमस आणि सेंट मार्टिनच्या बाजारात भारतीय, त्यातही सिंधी दुकानदार पिढ्यानपिढ्या आहेत. हा तर मूळचा उल्हासनगरचा. तिचं आडनाव कार्डावर वाचून तो चक्क मराठीत म्हणाला, "ताई, बसा तर खरं. घ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

आठ हजार मैलांवर कुणी "ताई" म्हटल्यावर कोण उठेल?

इथे तीन कळा एकदम फिरतात. पहिली कासवाची. 1971 साली डेनिस रीगन या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एक माणूस शेजारी बसलेल्याला न मागता कोकची बाटली आणून देतो आणि थोड्या वेळाने सोडतीची तिकिटं घ्यायला सांगतो. ज्यांना बाटली मिळाली त्यांनी न मिळालेल्यांच्या सुमारे दुप्पट तिकिटं घेतली, आणि बाटली तिकिटापेक्षा स्वस्त होती. आपल्याकडे म्हणतात फुकट ते पौष्टिक. पौष्टिक कुणाला, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही.

दुसरी कळ लेबलाची. लेबलवर 3800 डॉलर होते. गृहस्थाने कॅल्क्युलेटर पुढे केला, आकडा खाली आला. मग मालक आतून आला, आकडा आणखी खाली आला, "फक्त तुमच्या जहाजासाठी". बहिणीने निम्म्याहून कमी पैसे दिले आणि लढाई जिंकल्याच्या आनंदात बाहेर पडली. ट्वेर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर एक चक्र फिरवलं. ते आधीच असं बसवलं होतं की काटा दहावर किंवा पासष्टावरच थांबावा. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. तरी दहा पाहिलेल्यांचं मधलं उत्तर 25, आणि पासष्ट पाहिलेल्यांचं 45. लेबल हे ते चक्र. 3800 हा आकडा टॉप्सची किंमत सांगायला नव्हताच. तो बहिणीच्या डोक्यात खुंटी ठोकायला होता.

तिसरी कळ घड्याळाची, आणि माझ्या मते सगळ्यांत जालीम. साडेचारला जहाजात परत यायचं. उद्या सकाळी दुसरं बेट. "घरी जाऊन विचार करते" हे वाक्य, ज्याने आपण गावदेवीच्या सोनाराला आयुष्यभर टोलवलं, ते इथे निकामी. इथे घरी जाणं म्हणजे कधीच परत न येणं. गिऱ्हाइकाला घाई करायची गरज दुकानदाराला नाही, ते काम जहाजाचा भोंगा करतो.

आता तो खडा. टॉप्समधला खडा टांझानाइट. दुकानदाराने जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि खरं तेच ऐकून मी थक्क झाले. जगात हा खडा एकाच ठिकाणी सापडतो, टांझानियात किलिमांजारोजवळच्या मेरेलानीच्या टेकड्यांत, काही मैलांच्या पट्ट्यात. सापडला 1967 साली. मूळ खनिज झॉइसाइट. खाणीतून निघतो तो बहुतेक वेळा मातकट तपकिरी असतो. पाचशे-सहाशे अंशांवर भट्टीत तापवला की त्यातल्या व्हॅनेडियममुळे निळा होतो. हातात धरून फिरवला तर एका बाजूने निळा, दुसरीकडून जांभळा. 1968 साली न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने त्याचं बारसं केलं. "ब्लू झॉइसाइट" हा उच्चार इंग्रजी कानाला आत्महत्येसारखा लागतो म्हणून नाव बदललं, असं सांगतात. 2018 साली टांझानियाच्या सरकारने खाणींभोवती चोवीस किलोमीटरची भिंत बांधली. 2020 साली सनिनियू लायझर नावाच्या एका छोट्या खाणकामगाराला मिळालेले दोन गोळे मिळून चौदा किलोंहून जास्त भरले आणि तो रातोरात लाखो डॉलरचा धनी झाला.

"ताई, हा डिसेंबरचा जन्मखडा, तुमच्यासाठीच," हेही त्याने सांगितलं. बहिणीचा वाढदिवस डिसेंबरात. जन्मखड्यांची ही यादी मला नवरत्नांसारखी पुरातन वाटायची. प्रत्यक्षात ती अमेरिकन जवाहिऱ्यांच्या संघटनेने 1912 साली बसून ठरवली, आणि टांझानाइट तिच्यात 2002 साली घातला गेला. घातला तोही खड्यांच्या व्यापाऱ्यांनीच.

त्याने एक गोष्ट सांगितली नाही. टांझानाइट मऊ आहे. कठीणपणाच्या दहाच्या पट्टीवर तो साडेसहाच्या आसपास, म्हणजे साध्या वाळूतल्या गारेपेक्षाही कमी. कानात ठीक; अंगठीत घालून भांडी घासली तर दोन वर्षांत ओरखडे. आणि दुसरी एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती सांगून त्याचा काही फायदा नव्हता: जगातला बहुतेक टांझानाइट जयपूरला पैलू पाडून निघतो. हिऱ्यांचं म्हणाल तर दहातले नऊ सुरतेला. म्हणजे तो खडा आफ्रिकेतून जयपूरला, जयपूरहून कॅरिबियनला, तिथून न्यू जर्सीला गेला, आणि विकणारा उल्हासनगरचा, घेणारी साताऱ्याची.

"पण ड्यूटी-फ्री होतं ना," बहीण म्हणाली. ड्यूटी नव्हती, खरंच. अमेरिकेने घेतलेल्या या बेटांवरून परतणाऱ्या तिथल्या रहिवाशाला 1600 डॉलरपर्यंतचा माल करमुक्त नेता येतो, इतर बहुतेक ठिकाणांहून 800. पण अमेरिकेत सुट्या हिऱ्यांवर 2025 पर्यंत आयातशुल्क नव्हतंच, आणि घडवलेल्या दागिन्यांवर ते साधारण पाच ते सात टक्के असायचं. न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के. सगळं मिळून वाचलं ते तेरा-चौदा टक्क्यांच्या आत, आणि खुंटी तर दुपटीहून वर ठोकलेली.

हे फक्त कॅरिबियनमध्येच होतं असं नाही. उन्हाळ्यात हीच जहाजं उत्तरेला अलास्कात जातात, आणि दागिन्यांची दुकानंही पक्ष्यांसारखी त्यांच्यामागे. स्कॅगवे हे गाव जेमतेम बाराशे वस्तीचं, पण एका हंगामात तिथे दहा लाखांहून अधिक क्रूझप्रवासी उतरतात. गावाच्या मुख्य रस्त्याचं नाव ब्रॉडवे, आणि त्यावर हिऱ्यांची दुकानं. हे ऐकून मला हसू आलं, कारण हा रस्ता वसलाच जहाजातून उतरणाऱ्यांना माल विकायला. 1897 साली कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडल्याची बातमी आली आणि हजारो माणसं जहाजांनी इथे येऊ लागली. पुढे कॅनडाच्या सीमेवर पोलीस वर्षभराची शिदोरी असल्याशिवाय सोडत नसत, म्हणजे माणशी साधारण टनभर सामान. सिॲटलच्या दुकानदारांनी या टनावर हात धुऊन घेतले. सोनं थोड्यांनाच लागलं; फावडी आणि घेवडा विकणाऱ्यांचं मात्र चांगभलं झालं. त्याच काळात सोपी स्मिथ नावाच्या ठगाने स्कॅगवेत तारघर उघडलं. पाच डॉलर द्या, घरी तार करा. तारेचा खांब गावात 1901 पर्यंत पोहोचलाच नव्हता. तार भिंतीत जायची आणि तिथेच संपायची. 1898 च्या जुलैत कुणीतरी त्याला गोळी घातली.

आजच्या दुकानदाराला त्याच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं होईल. इथे तार खरी आहे, खडा खरा आहे, रम पंचही खरा. पण मुंगीच्या पावलांची अक्षरं आणि साडेचारचं घड्याळ यांचा उपयोग कुणाला होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, टॉप्स कानात घातले, आरशात पाहिलं. दिसत होते मात्र सुरेख. मग साखळी उचलून मला दाखवली. तिच्यात सातव्या लटकनाची कडी रिकामी आहे.

"ते कोझुमेलला मिळतं," ती म्हणाली. "डिसेंबरची तिकिटं काढलीत."