पेटीतले तांब्याचे पैसे



ऊस नोंदीच्या निमित्ताने घरोघर जाणे होते. मागच्या दिवाळीआधी एका सभासदाच्या पडवीत बसलो होतो. भंगारवाल्याच्या काट्यात फुटक्या बंबाच्या पत्र्याबरोबर जुन्या पैशांची पुरचुंडी दिसली. मालक म्हणाले, "म्हातारीच्या पेटीतले हायती. तांब्याच्या भावानं जातील तेवढं खरं." मूठभर हातात घेऊन पाहिले, तर चार नाणी जाड नि वेडीवाकडी. एकावर घासलेले 'राजा' वाचता आले. शिवराई होती ती! काट्यावरून उतरवून घेतली. पण आदल्या वर्षी किलोभर अशीच गेली, हे नंतर कळले.

म्हणून आधी निवडा, मग काय ते करा.

शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. महाराजांच्या नंतरही मराठी राज्यात ती पाडली जात होती, त्यामुळे अक्षरे निरनिराळी दिसतात. ठसा मोठा नि पत्रा लहान, म्हणून अर्धेच अक्षर आलेले असते. ते बघून खोटे समजू नका.

गोल, सुबक पैसे कंपनी सरकारचे १८३५ पासूनचे, पुढे राणीचे नि राजांचे. रुपयाला चौसष्ट. १९०६ नंतर निव्वळ तांबे जाऊन ब्राँझ आले. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा, लढाईत धातू वाचावा म्हणून भोक. आमच्याकडे तो पोरांच्या करदोट्यात ओवत. इंजिनाला वायसर म्हणून बसवलेलाही मी पाहिला आहे! घोड्याचा पैसा स्वतंत्र भारताचा, १९५० पासूनचा. १९५७ चा नया पैसा जेमतेम दीड ग्रॅमचा, तोही ब्राँझचाच. पुढे पितळी झाला, १९६५ पासून ॲल्युमिनियमचा चौकोनी. पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली.

घरच्या लक्ष्मींना एक विनंती. देवाची भांडी घासताना ही नाणी चिंच-राखेत टाकू नका. काळपट थर गेला की अक्षर झिजते, आणि जाणकार असे चकचकीत नाणे बाजूला सारतो. माती साध्या पाण्याने धुवा, फडक्याने टिपा, बस्स.

लागणीच्या नांगरटीत मडके लागले तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचे भूमिगत धन सापडल्यास कलेक्टरना लेखी कळवावे लागते. परस्पर वाटून घेतले तर गुन्हा होतो. घाबरून पुन्हा पुरू पण नका, तलाठ्याला सांगून अर्ज करा.

आणि मोबाईलवर "जुन्या पैशाचे लाखो देतो, आधी कमिशन भरा" असे आले, की फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच जाहीर केले आहे की आपण असल्या व्यवहारात नाही नि कमिशनही मागत नाही.

गट ऑफिसला याल तेव्हा रुमालात बांधून आणा. अक्षर वाचून देईन. किंमत मात्र विचारू नका, ती मला सांगता येत नाही.